डाउनलोड लावलं की नेट का जातं?

ताईंनो, गटाच्या कर्जाचा अर्ज ऑनलाइन भरायला बसावं, त्याच वेळी घरात कुणीतरी पिक्चर डाउनलोडला लावतं आणि नेट जातं. अर्ज पुन्हा पहिल्यापासून! अशा वेळी आधी राउटरचे दिवे बघा.

१. सगळे दिवे विझून परत लागले, तर राउटरच बंद-चालू होतोय. मोठ्या डाउनलोडला त्याच्यावर ताण येतो, तो तापतो. ॲडॉप्टरची पिन सैल आहे का बघा. राउटरवर रुमाल टाकला असेल तर काढा, मोकळ्या हवेत ठेवा.

२. ‘एलओएस’चा दिवा लाल झाला, तर फायबरमधून सिग्नल येत नाही. वायर कुठे दुमडली, दारात चेपली का बघा. ओढू नका, कंपनीला कळवा.

३. दिवे ठीक, पण मोबाईलचं वायफाय जातं? राउटरजवळ बसून बघा. तिथे चाललं, तर भिंती आणि अंतर आड येतंय.

४. नेट नुसतं हळू झालं, तर डाउनलोड थांबवा. आधी अर्ज, पिक्चर रात्री.

नेट गेल्याची वेळ आणि दिव्याचा रंग वहीत लिहून ठेवा. तक्रार करताना तेच सांगा, म्हणजे कुणी टाळाटाळ करणार नाही.