कोण बोलले, कुठून बोलले?

शाळेच्या रिकाम्या सभागृहात डोळे बांधून मधोमध उभे राहा. चार मित्रांना चार बाजूंना उभे करून आळीपाळीने हाक मारायला सांगा. आवाज घुमतो, तरी तुमचे बोट बहुतेक वेळा योग्य दिशेकडे जाईल. आता एक कान बोटाने बंद करून पाहा. चुका वाढतील!

असे का बरे व्हावे? आपल्या दोन कानांत सुमारे २० सेंटिमीटर अंतर असते. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला सेकंदाच्या सुमारे १७०० व्या भागाइतका उशिरा पोचतो. शिवाय डोके आड आल्याने तो क्षीणही होतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ताडतो.

पण प्रतिध्वनीचे काय? तुमच्या मागे ३ मीटरवर भिंत असेल, तर समोरच्याचा आवाज तिच्यावरून परतताना ६ मीटर जास्त अंतर तोडतो. उशीर सेकंदाच्या सुमारे ५७ व्या भागाचा. हान्स वॉलॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले, की असे लागोपाठचे आवाज आपल्याला एकच भासतात आणि दिशा मुख्यतः पहिल्यावरून ठरते.

यंत्राला हेच शिकवायचे तर? दोन मायक्रोफोनांतील वेळेचा फरक मोजला, की बोलणारा एका वक्र रेषेवर कुठेतरी आहे एवढेच कळते. दुसऱ्या जोडीची रेषा पहिलीला छेदते, तिथे तो सापडतो. प्रतिध्वनीमुळे मात्र खोटे छेदही मिळतात. त्यांतले काही तर, आरशातील प्रतिमेसारखे, भिंतीपलीकडे पडतात! ते लगेच बाद करता येतात. उरलेल्यांसाठी यंत्र आणखी एक कसोटी लावते. चालणारा माणूस सेकंदाच्या दहाव्या भागात फार तर १५-२० सेंटिमीटर सरकेल. जो छेद एकदम ४ मीटर उडी मारतो, तो माणूस नव्हे. कोणी बोलता बोलता थांबला, तर यंत्र त्याची शेवटची जागा लक्षात ठेवून तिच्या आसपासच शोध घेते. दोघांच्या वाटा एकमेकींना छेदल्या, तर आवाजातील फरक उपयोगी पडतो.

तुमच्या वर्गात एका कानाने कमी ऐकणारा कोणी आहे का? गलबल्यात त्याला कोण बोलले हे चटकन कळत नाही, याचे कारण आता तुम्हांला ठाऊक आहे. त्याला अशा जागी बसू द्या, की चांगला कान शिक्षकांकडे राहील.