कौतुक कुणाचं, कसं?

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे. दरवर्षी २६ जानेवारीला गुणगौरव करतो. शिष्यवृत्तीधारक तीच चार-पाच मुलं मंचावर, बाकीची टाळ्या वाजवायला. सगळ्यांनाच बक्षीस द्यावं का?
– एक पालक, सातारा जिल्हा

उत्तर : सरसकट नको. उगाच केलेलं कौतुक मुलं चटकन ओळखतात. शिष्यवृत्तीचा सत्कार जरूर करा. शिष्यवृत्ती परीक्षेमागे मुलांचे आणि गुरुजींचेही कष्ट असतात. पण यादी तिथंच संपते, ही खरी अडचण. केंद्रस्तरावर खो-खो खेळलेली, ‘इन्स्पायर’ या विज्ञान उपक्रमासाठी कल्पना मांडलेली, लेझीम बसवणारी, परसबाग सांभाळणारी मुलं कुठं आहेत? वर्गशिक्षकांनी वर्षभर एका वहीत अशा नोंदी ठेवाव्यात. मंचावर नुसतं नाव न पुकारता मुलानं नेमकं काय केलं, ते दोन वाक्यांत सांगावं.

आवडीच्या कामाला आधीच बक्षिसाचं आमिष मात्र लावू नका. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे : चित्र काढल्यास प्रशस्तिपत्रक मिळेल असं आधी सांगितलेली मुलं पुढं मोकळ्या वेळेत चित्रांकडे कमी वळली. न सांगता बक्षीस मिळालेल्यांत तसं झालं नाही.

शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला. निवड त्यांच्यासमोर करा. पाहुण्यांची भाषणं मुलांच्या कार्यक्रमानंतर ठेवा (पाहुणे रुसतील, रुसू द्या). मजुरीवर जाणाऱ्या पालकांसाठी वेळही त्यांना विचारूनच ठरवा.