जोड द्या, औषध सोडू नका



आंबेगाव तालुक्यातले पारगाव घ्या, की जुन्नरकडची एखादी वस्ती. घरात मोठे दुखणे आले की सल्ले देणारे दारात येतात. एक म्हणतो, "डॉक्टरांच्या गोळ्या उष्ण पडतात, त्या सोड आणि काढा सुरू कर." दुसरा म्हणतो, "गोळ्या दिल्या की झाले, बाकी कशाची गरज नाही." या ओढाताणीत रुग्णाला झोप नसते, तोंडाला चव नसते, अंगात त्राण नसते. "आज तुला कसे वाटते?" असे त्याला कोणी विचारत नाही.

हल्ली 'एकात्मिक उपचार' हा शब्द कानावर येतो. त्याचा अर्थ सोपा आहे. मूळ उपचार चालू ठेवायचे आणि त्यांच्या सोबतीला योगासने, श्वासावरचे ध्यान, योग्य आहार, समुपदेशन यांची जोड द्यायची. हे सारे डॉक्टरांना सांगून करायचे. यातून रुग्णाचे रोजचे जगणे सुसह्य व्हावे, वेदना, थकवा आणि भीती कमी व्हावी, हा हेतू असतो. मूळ उपचार बंद करून दुसरेच काही धरणे याला एकात्मिक उपचार म्हणता येत नाही.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० रुग्ण भगिनींचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०२२ साली अमेरिकेतील एका परिषदेत मांडले गेले. एका गटाला नेहमीच्या उपचारांसोबत योगाची जोड दिली होती. त्या गटात आजार न उलटता जगण्यात १५ टक्के आणि एकूण जगण्यात १४ टक्के सापेक्ष सुधारणा दिसल्याचे सांगण्यात आले. हे आकडे वाचून कोणी म्हणेल, "मग योगच करू, केमो कशाला?" इथेच आपली फसगत होते. दोन्ही गटांतल्या भगिनींना कर्करोगाचे नेहमीचे उपचार मिळतच होते. योग ही त्यावरची जोड होती.

आता दुसरी बाजू. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे उकळले गेले. २०२० साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर हरकत घेतली. वाद तज्ज्ञांचा आहे, पण आपल्यासाठी धडा स्पष्ट आहे. 'झाडपाला आहे, त्याने काय होते' असे धरून चालू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना कारल्याचा रस भरपूर घेतला, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. काही भस्मांत शिसे व पारा आढळला आहे. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत कधी कधी स्टिरॉइड मिसळलेले असते. चार दिवस बरे वाटते आणि पुढे शरीर पोखरले जाते.

या बाबतीत तथागतांची शिकवण आजही उपयोगी आहे. विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता. इतर कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणवले. दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून बिछान्यावर ठेवले. त्यानंतर भगवंतांनी चांगला रुग्ण कोण आणि चांगला शुश्रूषा करणारा कोण हे सांगितले. चांगला रुग्ण वेळेवर औषध घेतो, पथ्य पाळतो आणि आपला आजार जसा आहे तसा सांगतो. चांगला सेवक औषध देऊ जाणतो, मलमूत्राची किळस करत नाही आणि लोभापायी सेवा करत नाही. औषध आणि माया, दोन्ही त्यात आहेत.

आम्ही सुचवतो ते एवढेच :

१. घरात एक वही ठेवा. झोप, भूक, वेदना आणि मन कसे आहे, हे रोज रुग्णाला विचारून लिहा. तपासणीला जाताना वही सोबत न्या.

२. काढा, चूर्ण, भस्म, जे काही घेत असाल ते डॉक्टरांना सांगा. रागावतील म्हणून लपवू नका.

३. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे शांत बसून श्वासाकडे लक्ष द्या. आनापानाला पैसा लागत नाही. त्याने गाठ विरघळत नाही, पण घाबरलेले मन स्थिर व्हायला मदत होते.

४. देवऋषी आणि अंगारा यांत दिवस घालवू नका. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. पुढे पाठवले तर ससूनला जा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेविषयी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

५. कर्करोगाच्या वेदना मुकाट्याने सोसू नका. पुण्यात वारजे येथे सिप्ला फाउंडेशनचे केंद्र १९९७ पासून कर्करुग्णांची वेदनाशामक शुश्रूषा मोफत करते. तिथे जाणे म्हणजे आशा सोडणे नव्हे. मूळ उपचार चालू असतानाही ही मदत घेता येते.

रविवारी विहारात वंदनेनंतर वस्तीतल्या आजारी माणसांची नावे काढा. कोण कुणाकडे जाणार ते ठरवा. जाताना सल्ला कमी द्या. त्याच्याजवळ बसा आणि आधी विचारा, "आज कसे वाटते?"

जय भीम, नमो बुद्धाय.