हिशेब कोणाच्या ताब्यात?

घरचा हिशेब सॉफ्टवेअरवर ठेवावा का, या प्रश्नाला माझं उत्तर ‘ठेवावा’ असंच आहे. ते आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कोणी घाबरून वहीकडे परत जावं, असा माझा हेतू नाही. पण इतकी वर्षं घरचे आकडे संगणकावर ठेवल्यावर एक मत पक्कं झालं आहे. आपण अशी साधनं निवडताना चुकीच्या गोष्टी आधी पाहतो. रंगीत आलेख आहेत का, फुकट आहे का, नोंदी आपोआप होतात का, हे विचारतो. हे लिहिलेलं सगळं शेवटी कोणाच्या ताब्यात राहणार, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतं. माझ्या मते तोच पहिला प्रश्न आहे. त्याचं उत्तर नीट मिळालं तर बाकीचे तोटे निस्तरता येतात, आणि ते चुकलं तर बाकीचे सगळे फायदे उसने ठरतात.

सॉफ्टवेअरची गरज खरी आहे, हे नाशिक रोडच्या कुठल्याही नोकरदार घराकडे पाहून कळेल. इथल्या करन्सी नोट प्रेसमध्ये 1928 पासून नोटा छापल्या जातात, आणि त्याच नोटा आता इथल्या बाजारात भाजीच्या पिशवीसाठीही फारशा लागत नाहीत. बिटकोपासून जेलरोडपर्यंत प्रत्येक हातगाडीवर क्यूआर कोड आहे. यूपीआय 2016 मध्ये आलं आणि ऑगस्ट 2025 मध्ये देशभरात एका महिन्यात 2,000 कोटींहून जास्त व्यवहार त्यावर झाले. पाकिटातली नोट कमी झालेली डोळ्यांना दिसायची. खात्यातले दहा-वीस रुपये गेलेले दिसत नाहीत. दुसरीकडे घराचा पैसा पूर्वीपेक्षा जास्त ठिकाणी विखुरला आहे. प्रेस असो, रेल्वे असो की एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र, पगार बँकेत जमा होण्याआधीच भविष्यनिर्वाह निधी, आयकर, विमा आणि कुणाचा पतसंस्थेचा हप्ता कापला जातो. वर बँकेची एफडी, पोस्टाची आरडी, म्युच्युअल फंडाची एसआयपी, बायकांची भिशी आणि भावाला दिलेले हातउसने असतात. एवढं सगळं डोक्यात राहत नाही. वहीत राहतं, पण वर्षभरात औषधांवर किती गेले हे वहीला विचारलं तर ती सांगत नाही. सॉफ्टवेअर सांगतं. शिवाय 2021 पासून आयकर खातं आपल्याबद्दलची वार्षिक माहिती एआयएसमध्ये आपल्यालाच दाखवतं. बँकांनी कळवलेलं व्याज त्यात असतं. आपला स्वतःचा हिशेब नसेल तर तो तक्ता बरोबर की चूक, हे ताडून पाहण्यासारखं आपल्या हाती काहीच नसतं.

म्हणून वाद सॉफ्टवेअर असावं की नसावं हा नाही. वाद आहे तो ‘आपोआप’ या आमिषाचा. फोनवर बँकेचे एसएमएस वाचून खर्चाची यादी लावणारी अॅप्स लोकांना आवडतात, कारण हात हलवावा लागत नाही. पण एसएमएस वाचणाऱ्याला एसएमएसच आला नाही तर? एचडीएफसी बँकेने 25 जून 2024 पासून लहान रकमेच्या यूपीआय व्यवहारांचे एसएमएस बंद केले. पाठवलेले पैसे 100 रुपयांपेक्षा जास्त असतील आणि आलेले 500 पेक्षा जास्त असतील, तरच संदेश येतो. यूपीआय लाइट वापरलं तर बँकेच्या पासबुकात लाइटमध्ये पैसे भरल्याची एकच नोंद दिसते. त्यातून चहा घेतला की वह्या, ते तिथे कळत नाही. म्हणजे ज्या किरकोळ खर्चासाठी माणूस अॅप घेतो, तोच नेमका निसटतो. नोंद झाली तरी ती योग्य सदरात पडेलच असं नाही. किराणा दुकानदाराचा क्यूआर त्याच्या स्वतःच्या नावाने असेल, तर अॅपच्या लेखी ते वाणसामान नसतं, कुणा व्यक्तीला पाठवलेले पैसे असतात. एफडी केली की ‘खर्च’ म्हणून दाखवलं जातं, खरं तर पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला असतो. क्रेडिट कार्डावरची खरेदी एकदा मोजली जाते, आणि कार्डाचं बिल भरलं की तीच रक्कम दुसऱ्यांदा. आपल्याकडच्या कीर्द-खतावणीत हा घोटाळा होत नव्हता, कारण प्रत्येक रकमेला जमा आणि नावे अशी दोन टोकं असायची आणि दोन्ही जुळावी लागायची. ग्नूकॅशसारखी मोफत, मुक्त सॉफ्टवेअर अजून त्याच दुहेरी नोंदीवर चालतात. शिकायला ती थोडी जड जातात, हे कबूल. पण ती एकाच पैशाला दोनदा खर्च म्हणत नाहीत.

आता ताब्याचा मुद्दा. त्याचा पुरावा तर्कात शोधायला नको, घडलेल्या गोष्टींत आहे. मायक्रोसॉफ्ट मनी हे सॉफ्टवेअर 1991 मध्ये आलं आणि 2009 मध्ये कंपनीने त्याची विक्री थांबवली. पुढे त्याच्या ऑनलाइन सेवाही बंद झाल्या. तरीही वापरणाऱ्यांचे हिशेब गेले नाहीत, कारण हिशेबाची फाइल त्यांच्या स्वतःच्या संगणकावर होती, आणि कंपनीने नोंदणीशिवाय चालणारी शेवटची आवृत्ती मोफत देऊन ठेवली. याच्या उलट अमेरिकेतलं मिंट. ते इंटरनेटवर चालायचं, फुकट होतं, सगळी खाती आपोआप एकत्र दाखवायचं. इंट्युट या कंपनीने ते 2009 मध्ये विकत घेतलं, आणि मार्च 2024 मध्ये बंद केलं. लोकांना दुसऱ्या सेवेकडे जायला सांगण्यात आलं. तिथे मिंटमधलं महिन्याचं अंदाजपत्रक जसंच्या तसं नव्हतं. वर्षानुवर्षं लावलेल्या सवयीचं घर दुसऱ्याच्या जागेवर उभं होतं. मुदतीत नोंदींची फाइल उतरवून घेतली त्यांच्याकडे निदान आकडे उरले. आपल्याकडेही वॉलनट नावाचं एसएमएस वाचून खर्च मांडणारं अॅप बरंच लोकप्रिय होतं. 2018 मध्ये ते कॅपिटल फ्लोट या कर्ज देणाऱ्या कंपनीने घेतलं. यात बेकायदा काही नाही, आणि कर्ज देणं हा प्रतिष्ठित व्यवसाय आहे. पण खर्च आवरायला म्हणून जे साधन हाती घेतलं, त्याचा मालक कर्ज देणारा झाला, तर त्याचं हित आणि आपलं हित एकच राहत नाही, एवढं ध्यानात ठेवायला हवं. फुकट साधनाचा खर्च कुणीतरी भरतच असतं. तो कोण, हे आधी विचारावं.

यावर नेहमीचा आक्षेप असतो, ‘आमच्यासारख्यांकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?’ हा आक्षेप मी हलका मानत नाही, कारण तो प्रामाणिक माणसं घेतात. पण घरच्या हिशेबातून काय काय वाचता येतं ते पाहा. पगार कोणत्या तारखेला येतो, महिन्याच्या कितव्या तारखेला खात्यात दोन हजारही उरत नाहीत, कोणाची औषधं नियमित चालू आहेत, मुलीची फी कधी भरायची आहे. यात लपवण्यासारखं काही नाही, पण अडलेल्या क्षणी नेमकं दार ठोठावायला हेच पुरतं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्ये डिजिटल कर्जाबाबत नियम घालून दिले. त्यात अॅपने गरजेपुरतीच माहिती घ्यावी, तीही स्पष्ट संमतीने, आणि फोनमधल्या संपर्कयादीला आणि फायलींना हात लावू नये, असं सांगावं लागलं. लोकांना त्रास झाला नसता तर असे नियम करण्याची वेळच आली नसती. नियमांनी संरक्षण मिळतं, हे खरं. पण परवानगीच्या चौकोनावर बोट आपणच ठेवतो.

खात्यांची माहिती एकत्र पाहायची असेलच, तर एसएमएस उघडे करण्यापेक्षा अकाउंट अॅग्रिगेटरची व्यवस्था बरी. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारी ही व्यवस्था 2021 पासून सुरू आहे. कोणती माहिती, कोणत्या कामासाठी आणि किती काळ, हे संमतीत लिहिलेलं असतं, संमती मागे घेता येते आणि मधल्या संस्थेला स्वतः ती माहिती वाचता येत नाही. मात्र माहिती ज्याच्याकडे पोचते त्याला ती वाचता येते, म्हणून मुदत कमीत कमी निवडावी आणि काम झालं की संमती काढून घ्यावी. दुसरी मर्यादा आपल्या भागात जास्त जाणवते. या व्यवस्थेत वित्तीय नियामकांच्या कक्षेतल्या संस्था येतात. सहकार कायद्याखाली नोंदलेली गल्लीतली पतसंस्था त्यात नसते. भिशीचा तर प्रश्नच नाही. तेव्हा ‘तुमची एकूण शिल्लक’ म्हणून पडद्यावर जो आकडा झळकतो, तो आपल्याकडच्या कित्येक घरांत अर्धाच असतो. तो हाताने पुरा केला तरी एक भेद सॉफ्टवेअर आपण होऊन दाखवत नाही. बँकेतल्या ठेवीला व्याजासह पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. दोन्ही रकमा एका बेरजेत घालू नयेत. वेगळ्या सदरात ठेवाव्यात.

दुसरा आक्षेप वेळेचा. दोघं नोकरी करणारी, मुलांचे क्लास, सिन्नर फाट्यावरच्या गर्दीतून घरी यायचं, आणि मग बसून नोंदी कोण करणार? हा आक्षेप खरा आहे, आणि ‘शिस्त हवी’ असं म्हणून तो उडवून लावणाऱ्यांशी माझं जमत नाही. उपाय कमी लिहिण्यात आहे. रोज लिहू नका. आठवड्यातून एकदा बँकेच्या संकेतस्थळावरून खातेउतारा घ्या. बहुतेक बँका तो एक्सेल किंवा सीएसव्ही स्वरूपात देतात, आणि तो सॉफ्टवेअरमध्ये किंवा साध्या तक्त्यात घालता येतो. सदरं आठ-दहाच ठेवा: वाणसामान, दूध-भाजी, शिक्षण, औषधपाणी, वीज-गॅस-फोन, प्रवास, हप्ते, सणवार, देणंघेणं. पन्नास सदरं करणाऱ्यांचा हिशेब गुढीपाडव्याला सुरू होतो आणि वटपौर्णिमेपर्यंत टिकत नाही. रोख काढलेले पैसे ‘वरखर्च’ म्हणून एका ओळीत लिहा, दहा रुपयांच्या कोथिंबिरीचा माग काढू नका. पण सदर मात्र स्वतः ठरवा, यंत्रावर सोडू नका. कारण हिशेबाचा खरा उपयोग त्या क्षणी होतो. ‘हे कशाचे?’ असं प्रत्येक ओळीला विचारताना न लागणारी वर्गणी सापडते, दोनदा गेलेला हप्ता सापडतो, मुलाच्या फोनवरून झालेली खरेदी सापडते. आपोआप लागलेल्या यादीकडे माणूस पाहतो आणि पुढे सरकवतो.

सगळ्यात वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा. मोठ्या कंपनीच्या सर्व्हरपेक्षा आपला जुना लॅपटॉप अधिक सुरक्षित कसा? नाहीच. कंपनी बंद पडण्याआधी घरातली हार्ड डिस्क बंद पडण्याचीच शक्यता जास्त, हे मला मान्य आहे. म्हणून ताबा घ्यायचा म्हणजे जबाबदारीही घ्यायची. फाइलला पासवर्ड हवा, तिची प्रत दुसऱ्या ठिकाणी हवी, पेन ड्राइव्हवर किंवा कुलूपबंद करून क्लाउडवर. बँकेचा पासवर्ड, पिन किंवा ओटीपी हिशेबाच्या फाइलमध्ये कधीच लिहायचा नाही. तिथे फक्त बँकेचं नाव, शाखा, खात्याचे शेवटचे चार आकडे, मुदत आणि नामनिर्देशन.

नामनिर्देशन हा शब्द आला, तिथे थोडं थांबते, कारण या विषयात मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. वहीचे दोष पुष्कळ होते, पण ती स्वयंपाकघरातल्या फळीवर असायची आणि घरातलं वाचता येणारं कुणीही उघडायचं. आजचा हिशेब बहुतेक घरांत एकाच माणसाच्या फोनमध्ये, त्याच्या एकट्याच्या बोटाच्या ठशामागे असतो. तो माणूस दवाखान्यात पडला किंवा गेला, तर बायकोला एफडी किती आणि कुठे हे ठाऊक नसतं. दहा वर्षं न हललेली ठेव बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग करतात. ती परत मागता येते, पण आधी ती आहे हे कळायला हवं. अशा बेवारस ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट 2023 मध्ये ‘उद्गम’ हे पोर्टल काढावं लागलं. घरातल्या दोघांना वापरता येत नाही ते सॉफ्टवेअर कितीही देखणं असलं, तरी घरचं म्हणायला मी तयार नाही.

तेव्हा नवं काही फोनमध्ये घेण्याआधी त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या नोंदी एका फाइलमध्ये बाहेर काढता येतात का, ते करून पाहा. नुसतं वाचून विश्वास ठेवू नका. येत नसतील तर ते घेऊ नका. आणि आधीपासून वापरत असाल, तर येत्या रविवारी ती फाइल काढा, खात्यांची आणि ठेवींची यादी कागदावर छापून घ्या, नवरा किंवा बायको, मोठी मुलगी किंवा मुलगा, कुणातरी एकाला शेजारी बसवून ओळ न् ओळ समजावून सांगा, आणि तो कागद रेशनकार्डाच्या फायलीत ठेवा.