मनगटावरचा बँड आणि गाढ झोपेचा आकडा



गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. दहावीतील एका मुलाचे वडील शाळेत आले आणि त्यांनी मोबाईल आमच्यापुढे धरला. मुलाच्या मनगटावरील फिटनेस बँडने रात्रीचा हिशेब दिला होता : झोप नऊ तास, त्यात गाढ झोप १८ टक्के. "सर, याच्याच वर्गातला याचा मित्र साडेपाच तास झोपतो आणि त्याची गाढ झोप २४ टक्के. आमचे चिरंजीव नुसते लोळतात. उद्यापासून पहाटे चारला उठवतो."

आम्ही मान डोलावली. आठ दिवसांनी हा मुलगा तिसऱ्या तासाला बाकावर डोके ठेवून झोपलेला दिसला. त्याचा मित्र तर कितीतरी दिवसांपासून तसाच पेंगत होता, हे आमच्या तेव्हा लक्षात आले. म्हणून हा पाठ मुलांइतकाच आमच्यासाठीही आहे.

आधी गणित करू. नऊ तास म्हणजे ५४० मिनिटे. पहिल्या मुलाची गाढ झोप ९५ मिनिटे होती, म्हणजे सुमारे १८ टक्के. मित्राचे साडेपाच तास म्हणजे ३३० मिनिटे आणि गाढ झोप ८० मिनिटे, म्हणजे सुमारे २४ टक्के. मिनिटे पहिल्याचीच जास्त! छेद लहान झाला की टक्केवारी फुगते, हे सातवीचा विद्यार्थीही सांगेल. मोबाईलवरचा रंगीत आलेख पाहून आम्ही ते विसरलो.

पण साडेतीन तास कमी झोपूनही गाढ झोप फक्त पंधराच मिनिटे कमी कशी? झोप रात्रभर एकसारखी नसते. साधारण दीड-दीड तासाची आवर्तने होतात. गाढ झोपेचा मोठा वाटा पहिल्या दोन-तीन आवर्तनांत येतो. पहाटेकडे ती विरळ होते आणि स्वप्नांची झोप वाढते. पहाटे चारला उठवले तर गाढ झोपेचा आकडा फारसा हलत नाही. कापली जाते ती हलकी झोप आणि स्वप्नांची झोप. त्यांचाही शिकलेले पक्के होण्याशी संबंध आहे. म्हणजे जो कमी झोपतो त्याचाच आकडा चांगला दिसतो.

गाढ झोप म्हणजे काय ते उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्या घरांना सांगायला नको. मध्यरात्री पावसाचे थेंब पडतात, आई पोराला उचलून खाली आणते आणि सकाळी पोर विचारते, "मी इथे कसा आलो?" या अवस्थेत मेंदूतील विद्युत लहरी मोठ्या आणि संथ होतात. मुलांच्या वाढीचे संप्रेरकही मुख्यतः याच वेळी स्रवते. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूच्या लहरी प्रथम नोंदवल्या आणि १९२९ साली ते प्रसिद्ध केले. झोपेच्या प्रयोगशाळेत आजही डोक्याला, डोळ्यांजवळ आणि हनुवटीला तारा चिकटवतात आणि तीस-तीस सेकंदांचे तुकडे तपासून अवस्था ठरवतात. त्यातही दोन तज्ज्ञांचे प्रत्येक तुकड्यावर एकमत होतेच असे नाही.

बँडला मेंदू दिसत नाही. त्याच्या पाठीमागे हिरवा दिवा असतो. त्वचेखालचे रक्त तो प्रकाश शोषून घेते. परत येणाऱ्या प्रकाशाच्या चढउतारावरून बँड नाडी मोजतो. हात किती हलला तेही तो टिपतो. हात शांत, नाडी संथ आणि एकसारखी, तर बहुधा गाढ झोप, असा तो अंदाज बांधतो. आपल्या फोपनारला १९६४ साली धातूच्या बुद्धमूर्ती सापडल्या. त्या पाचव्या-सहाव्या शतकातील असाव्यात, असे अभ्यासकांनी घडणीवरून ठरवले. तो जाणकाराचा अंदाज आहे, जन्मदाखला नव्हे. बँडचा आकडाही त्याच जातीचा; काल ८०, आज ६५ असा फरक दिसला म्हणून काही बिघडले असे समजू नये. एकूण किती वेळ झोपलो हे बँड त्यापेक्षा बरे सांगतो. पण अंथरुणात निपचित पडून जागे असलो तर तेही तो बऱ्याचदा झोपेतच धरतो.

वयाचाही हिशेब ठेवावा. लहानपणी गाढ झोप भरपूर असते, कुमारवयात बरीच घटते आणि पुढे घटत जाते. आजोबांनी नातवाच्या आकड्याशी स्वतःचा ताडून पाहू नये. केळीला पाणी द्यायला किंवा यंत्रमागावर रात्रपाळीला जाणाऱ्यांचे तर घड्याळच उलटे. बँडने दिलेले गुण त्यांना लागू करणे अन्यायाचे आहे. आकड्याच्या काळजीनेच झोप उडालेले लोकही डॉक्टरांना भेटू लागले, तेव्हा २०१७ साली अमेरिकेतील संशोधकांनी या प्रकाराला 'ऑर्थोसोम्निया' असे नाव दिले.

मग पाहावे काय? अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ साली दिलेला सल्ला असा : ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्यांना ८ ते १० तास झोप. तेवढे तास होतात का, झोपण्या-उठण्याची वेळ रोज साधारण तीच आहे का आणि दिवसा पेंग येते का, हे पाहावे. मूल रोज मोठ्याने घोरत असेल, झोपेत त्याचा श्वास अडकत असेल किंवा पुरेसे झोपूनही ते दिवसभर मरगळलेले असेल, तर बँडचा आकडा उत्तम असला तरी डॉक्टरांना दाखवावे.

त्या वडिलांना आम्ही पुन्हा बोलावले आणि हेच गणित फळ्यावर मांडून दाखवले. ते हसले आणि म्हणाले, "म्हणजे पोरगा बरोबर होता." दहावीचा पहाटे सहाचा जादा तास संध्याकाळी घ्यावा, असा अर्ज आम्ही विश्वस्त मंडळाकडे दिला आहे.

स्वाध्याय : चौदा दिवस वहीत झोपण्याची वेळ, उठण्याची वेळ आणि वर्गात पेंग आली की नाही हे लिहा. बँड असल्यास त्याचे आकडे शेजारच्या रकान्यात लिहा, पण ते चौदाव्या दिवशी एकदमच उतरवून घ्या. तोवर पाहू नका. दोन्ही रकान्यांचा मेळ बसतो का, ते विज्ञानाच्या तासाला आपण मिळून तपासू.