बाजारातला दगडी क्रूस

गुरुजींनी आम्हाला वर्गात इंग्लंड देशाची चित्रे दाखवली. त्यात एका खेड्याचे चित्र होते. त्याचे नाव कासल कूम. गावाच्या मधोमध दगडी खांब आणि वर उतरते छप्पर. मी विचारले, "गुरुजी, हे देऊळ का?" गुरुजी म्हणाले, "नाही रे, हा बाजाराचा क्रूस."

क्रूस हे ख्रिस्ती लोकांचे पवित्र चिन्ह आहे. पूर्वी तिकडे वाटेल तिथे बाजार भरवता येत नसे. राजाची सनद लागे. मग पुष्कळ गावांत बाजाराच्या जागी दगडी पायऱ्या करून वर खांब व क्रूस उभा करीत. लांबून येणाऱ्याला कळे की बाजार इथेच. देवाचे चिन्ह समोर असले की मापात लबाडी करताना माणूस भिईल, असेही लोकांना वाटे. शेतकऱ्यांच्या बायका पायऱ्यांवर लोणी, अंडी घेऊन बसत. म्हणून काही ठिकाणी त्याला लोण्याचा क्रूस म्हणतात. हे नाव मला लय आवडले.

पण नुसत्या खांबाने पाऊस थोडाच थांबतो? आणि इंग्लंडात तर केव्हाही पाऊस येतो. म्हणून काही ठिकाणी छप्पर बांधले. कासल कूमचा क्रूस चौदाव्या शतकातला आहे. तिथे लोकरीच्या कापडाचा मोठा व्यापार होता. आता तिथे बाजार भरत नाही, पण क्रूस आहे. जवळच्या मामस्बरी गावात सुमारे 1490 साली आठ बाजूंचा दगडी मंडप बांधला. पुढे जॉन लेलंड नावाच्या प्रवाशाने लिहून ठेवले की, पावसात गरीब बाजारकरी कोरडे राहावेत म्हणून तो बांधला आहे. चिचेस्टर शहरात 1501 साली बिशप एडवर्ड स्टोरी यांनी गरिबांना माल विकायला जागा व्हावी म्हणून असाच क्रूस बांधला. तिथे 1808 साली वेगळी मंडई झाली.

माझी आजी बुधवारच्या बाजारात मेथी, शेपू आणि अंडी विकते. बाजार उघड्यावर भरतो. पाऊस आला की सगळ्यांची तारांबळ उडते. आजी पोत्याची खोळ डोक्यावर घेते आणि अंड्यांची पाटी पदराखाली धरते. मागच्या श्रावणात मेथी सगळी भिजली. भिजलेली मेथी कोण घेणार? ती घरी शेळीला घातली. पट्टीची पावती मात्र फाडावी लागलीच.

चिचेस्टरच्या क्रूसाचे चित्र मी वहीत काढले आणि आजीला दाखवले. तिला वाचता येत नाही. ती चित्राकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ह्याच्यात किती जणी बसत्यात रं?" मी कमानी मोजल्या. आठ आहेत. एका कमानीत दोघी धरल्या तर सोळा. आमच्या बाजारात भाजीवाल्याच तीसच्या वर आहेत. आजी म्हणाली, "मग लवकर जाया पायजे."