पानाला हिरवाच रंग हवा का?

प्रश्न : मी कापडावर रंगकाम करते. फुले-पक्षी हुबेहूब रंगवते, तरी नक्षी फिकी वाटते. रंग निसर्गातलेच घ्यावेत का? – एक वाचक, वारजे

उत्तर : घ्या, पण जसेच्या तसे नकोत. एखादी पैठणी जवळून पाहा. पदरावरच्या कमळाची, मोराची, पोपटाची आकृती निसर्गातली, पण मागे आकाश नाही, जरीची जमीन आहे. त्या सोनेरी जमिनीवर रेशमाचे मोजकेच रंग, छटा न देता, सपाट भरलेले असतात. पुष्कळदा कडेने गडद रेघही असते, म्हणून आकार लांबूनही ओळखू येतो. तुमची नक्षी फिकी पडते ती बहुधा छटांच्या गर्दीने.

आता साडीच्या अंगाकडे वळा. पुष्कळदा उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून साडी हलली की रंग पालटतो. याला धूपछाँव म्हणतात. मोराच्या पिसाचा निळाही असाच. पिसात निळे रंगद्रव्य नसतेच. सूक्ष्म रचनेवरून परतणाऱ्या प्रकाशातून तो रंग दिसतो आणि कोन बदलला की बदलतो. विणकराने पिसाची नक्कल न करता त्याचा गुण कापडात आणला, हे मला फार मोलाचे वाटते.

फाल्गुनात पळस पाहा. फांद्यांवर पाने जवळपास नसतात, म्हणून केशरी पेटतो. तुम्हीही आधी जमीन ठरवा, मळकट राखी किंवा खाकी. मग एकच तेजस्वी रंग, तोही थोड्या जागेत. नमुना दिवसाउजेडी तपासा, कारण पिवळ्या दिव्याखाली निळा मंदावतो.